हजार वेळा झोपलेलं कार्ड

मी बारा वर्षं कॉम्प्युटर झोपवायचं आणि उठवायचं काम केलं, तेही पगार घेऊन. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामांनी विचारलं, "पावणं, कंपनीत नक्की काय काम करता?" मी खरं ते सांगितलं. मामा म्हणाले, "मंग झोपवल्यावर उठवता कशाला? झोपू द्या की!" बैठकीत हशा पिकला. माझ्या वडिलांनी घाईघाईने सांगितलं की पोरगं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि साहेबाच्या मर्जीतलं आहे. तेवढ्यावर सोयरीक जमली. मामांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, तो आज सोडवतो.

कॉम्प्युटरात पडद्यावरचं चित्र काढायला एक वेगळं कार्ड असतं. ते भलतं खादाड. वीज खातं, तापतं, त्याच्या डोक्यावर पंखा बसवावा लागतो. त्यामुळे काम नसलं की ते झोपलं पाहिजे. आधी पडदा काळा होतो, मग कार्डाचा वेग उतरतो आणि तीस सेकंद कुणी हाक मारली नाही तर पंख्यासकट सगळं बंद, ही गाढ झोप. कुणी बटण दाबलं की कार्डाने जागं व्हायचं आणि चित्र होतं तसं दाखवायचं. हे सगळं जो प्रोग्राम घडवून आणतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या गावी, बेल्ह्यात, मी "ड्रायव्हरची टेस्ट घेतो" म्हणालो की लोकांना मी आरटीओत चिकटलो असं वाटायचं. दोघातिघांनी तर लायसनसाठी शब्द टाकायलाही सांगितलं होतं.

झोपायला कुठलंच कार्ड कुरकुर करत नाही. उठताना घोडं पेंड खातं. एखादं उठतंच नाही, एखादं उठतं पण चित्राऐवजी रंगीत गोधडी दाखवतं. आणि हे रोज होत नाही, पाचशे वेळा नीट उठतं आणि पाचशे एकाव्या वेळी दगा देतं. म्हणून नवा ड्रायव्हर आला की आम्ही त्याला हजार वेळा झोपवायचो आणि हजार वेळा उठवायचो. मामांना एवढंच सांगायचं होतं, पण तेव्हा सुचलं नाही.

आमची लॅब मंचरला, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत होती. वाळुंज सर इथलेच. पुण्यात मोठ्या नोकरीत होते, ती सोडून गावाकडे आले आणि ओळखीवर एका परदेशी कंपनीचं टेस्टिंगचं काम घेऊन बसले. आठ कॉम्प्युटर, सर, मी आणि रफिकभाई. मी डिप्लोमा झालेला, टेस्टचे प्रोग्राम लिहायचो. रफिकभाई जुन्नरचे. त्यांचं तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. टीव्ही बिघडेनासे झाले म्हणून सरांनी बोलावल्यावर ते आमच्याकडे आले. कार्डं बसवणं, वायरिंग, बॅटऱ्या, सगळं त्यांच्याकडे. दुकान त्यांनी बंद केलं नव्हतं, रविवारी उघडायचे. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. इंग्रजी बेताचं, पण कान असा की टीव्हीचा आवाज ऐकून कुठला भाग गेला ते सांगावं.

त्यांच्या कानाची आणि डोळ्याची एक गोष्ट सांगतोच. सुरुवातीला तीन नंबरचं मशीन रोज सकाळी नऊनंतर एकदा तरी उठताना गोधडी दाखवायचं. मी आठवडाभर ड्रायव्हरची चिरफाड करून बघितली आणि कंपनीला चांगला चार पानी रिपोर्ट धाडला, गंभीर दोष सापडला म्हणून. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. रफिकभाई एका सकाळी माझ्या शेजारी उभे राहिले. मशीनकडे न बघता ट्यूबलाईटकडे बघत होते. एकदम जिना उतरून खाली गेले आणि तिथून ओरडले, "संपत, आता बघ!" ट्यूब मंदावली आणि तीन नंबरवर गोधडी आली. खाली गिरणी सुरू झाली होती. गिरणीची मोटर चालू होताना विजेचा दाब उतरायचा तो नेमका आमच्या त्या एका प्लगावर. माझा चार पानी गंभीर दोष ज्वारी-बाजरी दळत होता. रफिकभाईंनी वायर दुसऱ्या फेजवर घेतली आणि मी कंपनीला माफीची पाच पानं लिहिली.

आता मुख्य दुखणं. मशीन एक मिनिट रिकामं ठेवायचं, मग उठवून वीस सेकंद चित्र तपासायचं, अशी एक फेरी ऐंशी सेकंदांची. हजार फेऱ्यांना बावीस तास लागायचे. कंपनीचा नियम असा की हजार फेऱ्या सलग झाल्या पाहिजेत. मध्ये खंड पडला तर पुन्हा एकपासून. नियम करणाऱ्याच्या देशात लाईट जात नसावी. आमच्याकडे लोडशेडिंगचे दिवस होते. सलग चार तास लाईट मिळाली तरी देव पावला म्हणायचं, आणि बॅटऱ्या पाऊण तासात मान टाकायच्या. एखाद्या दिवशी नशिबाने लाईट टिकून सातशे ऐंशीपर्यंत पोचलेली टेस्टही डोळ्यांदेखत मरायची. सर कपाळाला हात लावायचे. लाईट न जाणाऱ्या दिवसाची वाट बघत एका ड्रायव्हरला आठवडा लागायला लागला आणि कंपनीने विचारलं की तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा.

मग मी डोकं लढवलं. प्रोग्राम वाचता वाचता लक्षात आलं की ऐंशीतले साठ सेकंद आपण नुसते बसून असतो. काहीच घडत नाही, कुणीच काही तपासत नाही. निव्वळ टंगळमंगळ! मी साठाचे पाच केले. चित्राची तपासणी वीसवरून सातवर आणली. फेरी बारा सेकंदांची झाली आणि हजार फेऱ्या तीन तास वीस मिनिटांत. सकाळी लाईट आली की सुरू करायचं आणि जायच्या आत रिपोर्ट तयार. पहिल्या दिवशी आठही मशीनवर हजारात हजार पास झाले तेव्हा सरांनी स्वतः जाऊन पेढे आणले. कंपनीचा शाबासकीचा मेल आला. तो मी छापून घरी नेला आणि वडिलांनी तो इंग्रजी कागद होणाऱ्या सोयऱ्यांना दाखवला.

रफिकभाईंनी पेढा खाल्ला, पण दोन दिवसांनी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "संपत, पंखं थांबत न्हाईत रं आता."

"कुठले पंखे?"

"कार्डाचं. आधी कसं, मधी मधी समदं गप व्हायचं. आता दिसभर घूं घूं चालूच हाय. हात लावून बघ, कार्ड गरम लागतंय."

"रफिकभाई, टेस्ट पास होतीये ना?"

"व्हतीये."

"मग झालं तर."

ते आणखी एकदा हेच सांगायला आले होते. त्या वेळी मी मान वर न करता "हो हो" म्हणालो. मर्जीतला माणूस असा लवकर शेफारतो.

दोनेक महिन्यांनी ओतूरचे शिंदे जिना चढून आले, खांद्यावर कॉम्प्युटरचा डबा घेऊन. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कंपनीच्या परवानगीने नवा ड्रायव्हर आणि कार्ड आम्ही त्यांच्याकडे खऱ्याखुऱ्या वापरासाठी दिलं होतं. कार्ड बसवून आले होते रफिकभाई. शिंद्यांनी डबा टेबलावर आपटला.

"जेवाया गेलो, येऊन बघतो तर पडदा काळा! पार काळा! निम्मा अल्बम झाला व्हता राव. नवरा-नवरी गायब, वऱ्हाड गायब. आता त्या पोरीच्या बापाला काय सांगू? पुन्हा लग्न लावा म्हणू?"

हे तिसऱ्यांदा झालं होतं आणि तिन्ही वेळा जेवणानंतर. सरांना कंपनीला कळवणं भाग होतं. कंपनीने सरळ विचारलं, दोष ड्रायव्हरमध्ये की तुमच्या बसवण्यात? ड्रायव्हरमध्ये असेल तर तुमच्या हजार फेऱ्यांत तो सापडला कसा नाही? सरांनी मला टेस्ट पुन्हा चालवायला सांगितली. मी आठही मशीनवर चालवली. हजारात हजार.

दुपारी सरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "ड्रायव्हर तर स्वच्छ आहे," ते म्हणाले. "म्हणजे बसवण्यातच काहीतरी राहिलंय. रफिकभाई, तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती. कंपनीला मी तसं कळवतो. थोडे दिवस तुम्ही घरीच थांबा, पुढचं मग बघू."

 रफिकभाईंचा उजवा हात पँटच्या खिशात होता आणि ते आत काहीतरी चाचपत होते. मला वाटलं तंबाखूची डबी असेल. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग "बरं सर" म्हणाले, आपली हत्यारांची पेटी उचलली आणि जुन्नरची एसटी धरली.

त्याच क्षणी मला पंखे आठवले होते, हे आज कबूल करतो. नक्की काय चुकलंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी माझ्याच बाजूला चुकलंय हे जाणवलं होतं. ज्या माणसाने ट्यूबलाईटकडे बघून गिरणी ओळखली तो साधं कार्ड ढिलं बसवेल? पण साखरपुडा तोंडावर आलेला, शाबासकीचा कागद सोयऱ्यांच्या घरात पोचलेला. मी मूग गिळून गप्प राहिलो. एक दिवस गेला, चार दिवस गेले. जुन्नरहून येणारा एकजण सांगत होता की बाजारात बोलतात, तांबोळींच्या रफिकला कॉम्प्युटरवाल्यांनी हाकलला, हात चालत नाही म्हणून. मी ऐकलं आणि जेवायला बसलो. तोंड उघडलं ते घासापुरतंच.

आठव्या दिवशी बेल्ह्याचा बैलबाजार होता. वडिलांना एक बैल घ्यायचा होता म्हणून मीही रजा टाकून गेलो. एका व्यापाऱ्याकडे खिल्लार जोडीतला सुटा बैल होता, देखणा. दात बघितले, खूर बघितले, दहा पावलं चालवून बघितला. नाव ठेवायला जागा नव्हती. मी वडिलांना म्हटलं, "दादा, घेऊन टाका." वडील समोरच्या कडुलिंबाखाली फतकल मारून बसले. मीही बसलो. व्यापारी अधूनमधून बैलाला काठीने डिवचत होता, चार पावलं फिरवत होता, शिंगांना हात लावून दाखवत होता.

"पावणं, बघून झालं असंल तर बोला की," तो म्हणाला.

"बसू द्या त्याला," वडील म्हणाले.

"कुणाला?"

"बैलाला. सकाळपासनं उभाच ठिवलाय तुमी."

व्यापारी हसला, पण जरा कसानुसा. "उभा हाय तर चांगलंच हाय की."

वडील हलले नाहीत. तासाभराने व्यापारी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतला आणि बैलाने संधी साधली. मटकन बसला आणि रवंथ करायला लागला. वडिलांनी त्याला अर्धा तास बसू दिला. मग उठून जवळ गेले आणि पाठीवर थाप मारली. बैल उठला. मागचा डावा पाय पहिली चार पावलं ओढत आला आणि पाचव्या पावलापासून नीट पडायला लागला, जणू काही झालंच नाही.

वडील मला म्हणाले, "बघितलंस? सांधा धरलाय. चालता ठिवला का कुणाच्या बापाला कळत न्हाई. बसून उठताना कळतं. म्हून तर ह्यो बसू देत नव्हता त्याला."

मी तिथेच उभा राहिलो. कानात घूं घूं सुरू झालं. तीस सेकंदांनी गाढ झोप, आणि मी पाचव्या सेकंदाला काठीने डिवचत होतो! हजार वेळा मी कार्डाला उठवलं असं लिहून दिलं होतं, पण ते एकदाही झोपलं नव्हतं. नुसता पडदा मिटून उभं होतं. शिंदे जेवायला जायचे तेव्हा ते पहिल्यांदा खरं बसायचं, आणि उठताना लंगडायचं. साठ सेकंदांतल्या ज्या बसून राहण्याला मी टंगळमंगळ म्हटलं, तीच खरी टेस्ट होती.

वडिलांना बाजारातच सोडून मी जुन्नरची गाडी पकडली. रफिकभाई दुकानात एक जुना रेडिओ खोलून बसले होते. मी स्टुलावर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. पाच सेकंद, तीस सेकंद, बैल, आठ दिवस गप्प राहिलो तेही. ते खाली बघून सोल्डरिंगच्या सळईने रेडिओच्या वायरींना डाग देत राहिले. सांगून झाल्यावर त्यांनी सळई बाजूला ठेवली, खण उघडला आणि एक जुनाट कॅल्क्युलेटर माझ्यापुढे ठेवला. त्याच्या 'बरोबर'च्या बटणातून दोन वायरी बाहेर काढलेल्या होत्या.

"ह्ये पंख्याला जोडायचं," ते म्हणाले. "पंखा थांबला का बटन दाबल्यासारखं व्हतं. येक आकडा वाढतो. म्हंजी कार्ड किती डाव खरं झोपलं ते कळतं."

"लावून बघितलंत?"

"चार नंबरला लावलं व्हतं. शिंदे येऊन गेल्यावर, तू पुन्हा टेस्ट चालवलीस तवा."

"किती आलं?"

"तीन. चालू व्हायच्या आधी येक आन् संपल्यावर दोन."

माझ्या रिपोर्टात हजार होते. मला त्यांच्याकडे बघवेना. "मग सरांना का नाही दाखवलंत?"

"चा घे आधी," रफिकभाई म्हणाले आणि समोरच्या हॉटेलवाल्याला दोन बोटं दाखवली. मी पुन्हा विचारलं तेव्हा रेडिओ लावून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी मी लॅबमधल्या त्यांच्या खोलीच्या दारात उभा होतो.  सगळं सांगितलं आणि म्हटलं, नोकरीवरून काढायचं तर मला काढा. सर खिडकीशी जाऊन गिरणीपुढची रांग बघायला लागले. "पेढे मीच आणले होते," ते म्हणाले. "साठाचे पाच केलेस तेव्हा का केलेस हे मीही विचारलं नाही. पण आठ दिवस, संपत?" त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "कंपनीला मेल तू लिही, खाली सही मी करतो. मी जुन्नरला जाऊन येतो." आणि ते स्कूटरला किक मारून गेलेसुद्धा.

रफिकभाई त्यांच्या मागे बसून आले, मांडीवर पेटी आणि खिशात कॅल्क्युलेटर. टेस्ट तर पुन्हा बावीस तासांची करता येत नव्हती, लाईट काही सुधारली नव्हती. मग उपाय निघाला तो इतका सोपा की लाज वाटावी. आपली वाट बघण्याची वेळ कापायची नाही, ड्रायव्हरचीच कापायची. त्याला सांगायचं की बाबा, तीसऐवजी तीन सेकंदांतच गाढ झोप. मग पाच सेकंदांत तो खरा झोपलेला असतो आणि फेरी बाराचीच राहते. शिवाय शेवटी वीस फेऱ्या मूळच्या तीस सेकंदांनी, गिऱ्हाइकाकडे असतं तसं. आणि पास म्हणायचं केव्हा? प्रोग्राम आणि कॅल्क्युलेटर दोघांचा आकडा जुळला तरच.

चार नंबरवर सुरू केलं. पंखा थांबायचा, फिरायचा, थांबायचा. तिघेही कॅल्क्युलेटरकडे टक लावून बसलो होतो. एक्केचाळिसाव्या फेरीला पंखा थांबला, कॅल्क्युलेटर एकाने पुढे सरकला आणि पडदा काळाच राहिला. पार काळा.

"लंगडला!" मी ओरडलो. सरांनी टाळी दिली. नापास ड्रायव्हर बघून पेढे वाटणारी ती देशातली पहिली लॅब असावी. दोष खरा होता. कंपनीने तो ड्रायव्हर बाजारात सोडायच्या आधी मागे घेतला आणि आमच्या रिपोर्टात एक नवा रकाना घालायला लावला, खरी झोप किती वेळा. शिंद्यांना सुधारलेला ड्रायव्हर द्यायला रफिकभाई स्वतः ओतूरला गेले आणि जेवूनच आले, मुद्दाम उशिरा. शिंदे म्हणाले, "आता नवरा-नवरी जागच्या जागी हायेत."

माझं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. वडिलांनी तो बैल घेतला नाही. लॅब पुढे काही वर्षांनी बंद पडली, काम पुण्याला गेलं आणि त्याच्यामागे मीही गेलो. पुण्यात नवी पोरं हाताखाली आली. दर दोन दिवसांनी एखादं पोरगं धावत यायचं, "सर, टेस्ट निम्म्या वेळात बसवली!" मी विचारायचो, काय कापलंस? आधी ते सांग.

मंचरच्या खोल्या रिकाम्या केल्या त्या दिवशी आम्ही दोघांनी सामान खाली उतरवलं. गिरणीपुढच्या बाकावर चहा घेताना मी रफिकभाईंना तोच, कॅल्क्युलेटर न दाखवल्याचा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. सर तुम्हाला बोलत होते तेव्हा कॅल्क्युलेटर कुठे होता?

"खिशात," ते म्हणाले.

"मग काढला का नाही?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुजा साखरपुडा व्हता रं. तुज्या बापानं सांगून ठिवलं व्हतं, पोरगं सायबाच्या मर्जीतलं हाय म्हून. मला काय, माजं रेडिओ व्हतं. म्हटलं, कळंल पोराला आपुआप."

मला तंबाखूची डबी वाटली होती. त्या आठ दिवसांत आम्ही दोघंही गप्प होतो. मी माझ्यासाठी गप्प होतो, आणि रफिकभाईही माझ्यासाठीच.